पंडित रविशंकरांचा चार सीडींचा सिंहावलोकन संच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सतारवादक पंडित रविशंकर यांच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने निघालेला ‘इन सेलिब्रेशन’ हा चार सीडींचा संच हाती आला की पुण्यातल्या श्रोत्याला पडणारे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. आपल्या शहराचा कान ख्यालावर घडलेला आहे आणि सतार आपण ऐकतो ती बरेचदा गायनाच्या दोन बैठकींच्या मध्ये. त्यामुळे या संचाकडे पाहताना थोडा आदर आणि थोडा परकेपणा अशा दोन्ही भावना असतात. पुढची उत्तरे हा संच आणि त्याच्या निमित्ताने एकूणच सतारवादनाचे संग्रह ऐकू पाहणाऱ्यांसाठी लिहिली आहेत.

या संचात नेमके काय आहे?

रविशंकरांचा जन्म ७ एप्रिल १९२० रोजी वाराणसीत झाला. त्यांच्या पंचाहत्तरीचे औचित्य साधून एंजल रेकॉर्ड्स आणि ‘बीटल्स’चे जॉर्ज हॅरिसन यांची डार्क हॉर्स या कंपन्यांच्या नावाने १९९६ मध्ये हा संच प्रसिद्ध झाला आणि त्याच्या निवडीत हॅरिसन यांचा स्वतःचा सहभाग होता. संचातली बहुतांश ध्वनिमुद्रणे आधी वेगवेगळ्या तबकड्यांवर आलेली आहेत. त्यांची मांडणी मात्र सालवार केलेली नाही. पहिली सीडी सतारीवरील शास्त्रीय वादनाची, दुसरी वाद्यवृंदाची, तिसरी पूर्व-पश्चिम सहवादनाची आणि चौथी कंठसंगीताची व प्रयोगांची आहे.

ही मांडणी नीट लक्षात घ्यावी, कारण संचाची बाजू तिच्यातच उघड झालेली आहे. आयुष्यभर रागच मांडत आलेल्या कलावंताच्या रागवादनाला चारांपैकी एक सीडी मिळाली आणि उरलेल्या तीन सीडींवर संगीतकार, वाद्यवृंदाचा संयोजक आणि पाश्चात्त्यांचा सहवादक असलेले रविशंकर दिसतात. या निवडीला चूक म्हणता येणार नाही. १९४९ ते १९५६ या काळात ते दिल्लीत आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे प्रमुख होते, १९५५ च्या ‘पथेर पांचाली’ला आणि १९६० च्या ‘अनुराधा’ला त्यांनी संगीत दिले, आणि ‘सारे जहाँ से अच्छा’ची आज सर्वांच्या तोंडी असलेली चाल त्यांचीच आहे. तरीही ‘मी रविशंकरांची सतार ऐकली’ असे म्हणण्यासाठी एवढा संच पुरेसा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

चार सीडी कोणत्या क्रमाने ऐकाव्यात?

सुरुवात पहिल्या सीडीने करावी, आणि ती संपल्यावर लगेच दुसरी न लावता मध्ये संचाबाहेरचा एक संपूर्ण राग ऐकावा. त्यासाठी १९५६ ची ‘थ्री रागाज’ ही तबकडी सोयीची आहे. तिच्या एका बाजूवर जोग, तर दुसरीवर अहिर भैरव आणि सिंहेंद्रमध्यमम् आहेत आणि तबल्यावर चतुरलाल आहेत. त्यानंतर तिसरी सीडी, मग दुसरी, आणि चौथी सवडीने. तिसरी आधी घेण्याचे कारण असे की येहुदी मेन्युहिन यांच्या व्हायोलिनशेजारी सतार ऐकली म्हणजे रविशंकरांच्या वादनात मुळात आराखड्याला किती महत्त्व आहे ते चटकन ध्यानात येते, आणि मग वाद्यवृंदाच्या रचना निव्वळ पार्श्वसंगीतासारख्या वाटत नाहीत.

ज्यांना चिकाटी आहे त्यांनी सोबतची पुस्तिका उघडून प्रत्येक ध्वनिमुद्रणाचे साल कागदावर उतरवावे आणि एकदा सगळे सालवार ऐकावे. संगणकावर तशी यादी लावणे दहा मिनिटांचे काम आहे आणि त्यातून या कलावंताचा प्रवास पुस्तिकेतल्या मजकुरापेक्षा अधिक स्पष्ट कळतो.

राग इतके आटोपशीर का वाटतात? मैफलीत तर एक राग तासभर चालतो.

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ध्वनिमुद्रणाच्या साधनांत शोधावे लागते.

लाखेच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. सतारीची सर्वांत जुनी ध्वनिमुद्रणे ज्यांची आहेत त्या इमदाद खाँ यांना आणि पुढे त्यांचे पुत्र इनायत खाँ यांना एवढ्याच वेळात राग उभा करावा लागला. आलापाला दोन-चार सुरावटी, लगेच गत (तालात बांधलेली रचना), थोडा तोडा (तानेसारखा तुकडा) आणि ‘झाला’ (शेवटचा अतिद्रुत भाग) वाजवला की तबकडी संपली. आपण अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी तशाच तीन मिनिटांत ऐकत आलो आहोत, त्यामुळे या आटोपशीरपणात काय साधू शकते हे पुणेकरांना सांगण्याची गरज नाही. गळ्याला मात्र शब्दांचा आधार असतो. सतारीला तीन मिनिटांत स्वतःचे वातावरण तयार करायचे असते आणि तेवढ्यात तिची खरी मालमत्ता, म्हणजे संथ आलाप आणि जोड (आलापाचा तालाविना, पण लयीतला पुढचा भाग), बाहेर येतच नाही.

१९४८ मध्ये अमेरिकेत एलपी आली. १९५५ मध्ये अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाची एलपी मेन्युहिन यांच्या प्रास्ताविकासह अमेरिकेत निघाली, तेव्हा पहिल्यांदा पाश्चात्त्य बाजारात आपला राग सलग वीस मिनिटांच्या आसपास ऐकता आला. ‘थ्री रागाज’मधला जोग सुमारे २८ मिनिटांचा आहे, एका बाजूवर एवढे बसवायचे तर खाचा जवळजवळ कराव्या लागतात आणि आवाजाची पातळी उतरवावी लागते, म्हणजे त्या काळात ती मोठीच सवलत होती. तरीही कलावंत घड्याळाकडे पाहूनच वाजवत असे. आलाप सहा-सात मिनिटांत उरकून गतीवर यायचे, विलंबित गत थोडक्यात मांडून द्रुत गत आणि झाल्यापर्यंत पोचायचे, हा एलपीचा साचा होता, आणि तो इतका रुळला की पुढे सीडीवर ७४ मिनिटे मिळू लागली तरी काही वादक जुन्याच मापात वाजवत राहिले.

आता सिंहावलोकन संच करणाऱ्याची अडचण पाहा. चार सीडींवर मिळून पाच तासांच्या आत-बाहेर जागा आहे आणि चाळीसेक वर्षांची कामगिरी दाखवायची आहे. त्याने तासाभराचा एकच राग घेतला तर बाकीच्या चार-पाच रागांना जागा उरत नाही. म्हणून तो आधीच आटोपशीर असलेली ध्वनिमुद्रणे उचलतो. परिणामी अशा संचांत कलावंताचे उत्तम वादन येण्यापेक्षा त्याचे मापात बसणारे वादन अधिक येते. ही मर्यादा केवळ याच संचाची नाही, कोणत्याही वाद्याच्या निवडक संग्रहाला ती लागू आहे.

मी आजवर गायनच ऐकत आलो. सतार ऐकताना लक्ष कशाकडे द्यावे?

आलापात एकेक स्वर किती दूरवर ओढला जातो इकडे पहिल्यांदा लक्ष द्यावे. सतारीच्या दांडीवरचे पडदे वक्र आणि उंच असतात; वादक डाव्या हाताने तार पडद्यावरच आडवी खेचतो आणि उजव्या हाताच्या नखीचा आघात एकदाच झालेला असताना पुढचे तीन-चार स्वर, क्वचित पाच, त्याच नादातून काढतो. ही मींड. नाद क्षणाक्षणाला विझत जात असतो आणि तो पुरता विझण्याआधी वादकाला ठरलेल्या श्रुतीवर पोचायचे असते. गवय्याला श्वास पुरवावा लागतो, सतारियाला नाद पुरवावा लागतो. एकदा हे कानाने पकडले की ‘सतारीत नुसती किणकिण असते’ ही तक्रार उरत नाही.

त्यानंतर गतीकडे वळावे. विलंबित अशा मसीतखानी गतीचे बोल ‘दिर दा दिर दा रा, दा दा रा’ असे असतात आणि त्रितालात ही गत बहुधा बाराव्या मात्रेपासून उचलली जाते. मोठ्या ख्यालाचा मुखडा आपण जसा धरून बसतो तसा हा मुखडा धरावा. वादक तोडे घेऊन कुठेही हिंडला तरी बाराव्या मात्रेला घरी येतोच. रझाखानी गत द्रुत असते आणि तिथे बोलांची गुंफण जास्त खेळकर होते.

रविशंकरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. झपताल, रूपक यांसारख्या तालांना आणि नऊ, अकरा अशा विषम मात्रांच्या आवर्तनांना त्यांनी सतारीवर जे स्थान दिले ते त्यांच्या आधी फारसे नव्हते. त्यांच्या तिहाया (तीनदा वाजवून समेवर आणलेले तुकडे) कर्नाटक संगीताच्या हिशेबाशी नाते सांगतात. पुण्यात लयकारीचे चाहते कमी नाहीत. त्यांनी पहिल्या सीडीवर हाताने ताल धरून ऐकावे, तबल्यावरचे अल्लारखाँ आणि रविशंकर एकमेकांना कुठे चकवतात आणि कुठे सांभाळून घेतात ते ऐकताना वेळ कसा जातो कळत नाही.

रविशंकर आणि विलायत खाँ यांच्या सतारींचा आवाज इतका वेगळा का?

कारण वाद्येच वेगळी आहेत. रविशंकरांच्या सतारीला खरजाच्या, म्हणजे खालच्या सप्तकाच्या, जाड तारा आहेत, त्यामुळे आलाप मंद्राच्याही खाली, जवळजवळ सूरबहाराच्या (सतारीच्याच जातीच्या, पण मोठ्या आणि खोल आवाजाच्या वाद्याच्या) मुलखात उतरतो. त्यांचे गुरू अल्लाउद्दीन खाँ यांनी रामपूरच्या वझीर खाँ या बीनकारांकडून (बीन म्हणजे रुद्रवीणा) तालीम घेतली होती आणि बीनेचा तो गंभीर आलाप मैहरच्या, म्हणजे अल्लाउद्दीन खाँ यांच्या घराण्याच्या, वादकांनी सतारीवर आणला. त्याला खरज हवाच. विलायत खाँ यांनी त्या जाड तारा काढून टाकल्या, त्यांच्या जागी रागाला अनुकूल असे गंधार-पंचमाचे स्वर धरणाऱ्या तारा लावल्या आणि वाद्य हलके, टोकदार, गळ्याच्या जवळ जाणारे केले. त्यांचा गायकी अंग ज्याला म्हणतात तो या बदलावर उभा आहे.

जवारीचाही फरक आहे. घोडीचा वरचा पृष्ठभाग किंचित उताराचा घासलेला असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर सतत टेकत-सुटत राहते आणि त्यातून झंकार निर्माण होतो. उतार उघडा ठेवला तर झंकार जास्त आणि लांब, बंद ठेवला तर स्वर गोल आणि नेमका. डोळ्यालाही जाणवणार नाही एवढे घासकाम जास्त झाले तरी वाद्याचा स्वभाव बदलतो, म्हणूनच चांगली जवारी काढणारे कारागीर मोजके असतात. आपल्याकडे त्यासाठी मिरजेला जाण्याचा प्रघात आहे. तिथल्या शिकलगार मंडळींनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली, भोपळे मंगळवेढा-पंढरपूरकडच्या शेतांतून येतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

वाद्यवृंदाची आणि सहवादनाची सीडी शास्त्रीय मानावी का?

मानू नये, आणि त्याने काही बिघडतही नाही. १९६६ मध्ये मेन्युहिन यांच्यासह झालेले वादन आणि १९६७ ची ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ ही तबकडी यांना पाश्चात्त्य संगीताच्या जगात जे मानाचे स्थान मिळाले, त्यात मेन्युहिन यांचा वाटा लिहून दिलेल्या संगीताचा होता, उपजेचा नव्हता. ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून तो महत्त्वाचा आहे. रागविस्ताराची अपेक्षा ठेवून ऐकणाऱ्याची निराशा होईल.

या एका संचावरून सतारीचा विसाव्या शतकातला इतिहास कळेल का?

नाही. हा एका कलावंताचा संच आहे, आणि ज्याचे ध्वनिमुद्रण जास्त झाले त्याचाच इतिहास जास्त लिहिला जातो हे लक्षात ठेवून तो ऐकायला हवा. शेजारी निदान तिघांची ध्वनिमुद्रणे ठेवावीत. विलायत खाँ (१९२८ ते २००४) यांच्याविषयी वर लिहिलेच आहे. निखिल बॅनर्जी (१९३१ ते १९८६) हेही अल्लाउद्दीन खाँ यांचेच शिष्य. त्यांना स्टुडिओत वाजवणे फारसे मानवत नसे, त्यामुळे त्यांची मोठी मिळकत मैफलींच्या ध्वनिमुद्रणांतच आहे आणि त्यातले बरेच काही त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. माझ्या मते आलापासाठी कोणा एकाचीच निवड करायची तर ती त्यांची करावी. तिसरे मुंबईचे अब्दुल हलीम जाफर खाँ, ज्यांच्या वादनाला जाफरखानी बाज हे स्वतंत्र नाव मिळाले. २०१७ मध्ये ते गेले, आणि इतक्या जवळचा हा कलावंत आपल्याकडे कमीच ऐकला जातो याचे आश्चर्य वाटते.

अल्लाउद्दीन खाँ यांच्या कन्या व शिष्या अन्नपूर्णादेवींचा प्रश्न नेहमी येतो. त्यांनी सूरबहाराची व्यावसायिक तबकडी कधीच काढू दिली नाही. जे थोडे उपलब्ध आहे ते खासगी ध्वनिमुद्रण आहे. मैहर परंपरेचे एक अख्खे दालन त्यामुळे कोणत्याही संचाबाहेरच राहते.

पुण्याचाही या इतिहासात एक धागा आहे. किराणा परंपरेचे थोर बीनकार बंदेअली खाँ यांचे अखेरचे दिवस पुण्यात गेले आणि त्यांची कबर इथेच आहे. त्यांचे शिष्य रहिमत खाँ यांनी धारवाडला सतारीची परंपरा रुजवली आणि त्यांचे नातू उस्ताद उस्मान खाँ पुण्यात येऊन राहिले. म्हणजे मैहर किंवा इटावा (विलायत खाँ यांचे घराणे) यांच्याकडे न पाहताही आपल्या शहराला बीनेपासून सतारीपर्यंतचा वारसा सांगता येतो.

जुन्या तबकड्या पुण्यात घ्यायच्या तर काय पाहावे?

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अजूनही एलपी दिसतात, मात्र सतारीच्या तबकड्यांवर अनेकदा पाणी, बुरशी आणि जड सुया यांची छाप असते. तबकडी उन्हात तिरकी धरून पाहावी. नखाला न लागणारे ओरखडे चालतात, पण आतल्या भागात खाचा पांढुरक्या झालेल्या असतील तर घेऊ नये, कारण झाला नेमका बाजूच्या शेवटी येतो आणि तिथेच खरखर वाढते. लाखेच्या तबकड्या स्पिरिटने कधीही पुसू नयेत, लाख विरघळते. त्यांना सुईही वेगळी लागते. एलपीची सुई साधारण १८ ते २५ मायक्रॉनची असते, तर अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनची. एलपीची सुई तिथे खाचेच्या तळाशी जाऊन नुसती धूळ वाचते.

घरच्या कॅसेट संगणकावर उतरवताना काय काळजी घ्यावी?

कॅसेटच्या काळात पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊससारख्या प्रकाशकांमुळे अभिजात संगीत घराघरांत पोचले, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे जिव्हाळ्याचा आहे. कॅसेटमधली फेल्टची छोटी गादी सुटलेली नाही ना हे आधी पाहावे. प्लेअरचे हेड स्वच्छ करावे. मग सर्वांत महत्त्वाचे, षड्ज तपासावा. प्लेअर सहा टक्के वेगाने पळत असेल तर स्वर जवळजवळ पूर्ण अर्ध्या सुराने चढतो, म्हणजे काळी एकमधली सतार पांढरी दोनमध्ये ऐकू येते. रविशंकरांचा षड्ज सहसा काळी एकच्या आसपास असतो. उतरवलेल्या फाइलमध्ये तो फारच वर गेला असेल तर आधी यंत्रावर संशय घ्यावा.

फाइल साठवताना कमी प्रतीच्या एमपीथ्रीचा मोह टाळावा. आकार कमी करताना जे पहिल्यांदा बळी पडते ते जवारीच्या झंकारातले वरचे स्वरांश आणि तरफांचा (मुख्य तारांखालच्या, आपोआप घुमणाऱ्या तारांचा) मागे रेंगाळणारा नाद. फ्लॅकमध्ये (आवाज न गमावता साठवणाऱ्या प्रकारात) ठेवलेल्या फाइलला जागा जास्त लागते, पण हार्ड डिस्क आता स्वस्त आहेत.

ध्वनिमुद्रणांच्या सुरुवातीची वाद्यांची जुळवणी कापावी का?

कापू नये. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशसाठीच्या कार्यक्रमात वाद्ये जुळवणे संपताच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जुळवणीच एवढी आवडली असेल तर वादन अधिक आवडेल, अशा अर्थाचे रविशंकर मिस्कीलपणे बोलले, तो भागही तबकडीवर राहिला म्हणूनच आज आपल्याला माहीत आहे. शिवाय त्या जुळवणीत तरफा कोणत्या स्वरांना लावल्या आहेत ते कळते, आणि अनोळखी राग ओळखायला तेवढा आधार पुरतो.

मित्राला प्रत करून दिली तर चालते का?

भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे राहतो. त्यामुळे १९५६ ची मूळ तबकडी इथे मुक्त झालेली आहे, पण १९९६ च्या संचातली बरीच पुढची ध्वनिमुद्रणे हक्काखाली आहेत, आणि सोबतच्या पुस्तिकेतला मजकूर हा वेगळाच हक्क आहे. घरच्या सुरक्षित प्रतीची गोष्ट निराळी. वाटप करू नये. मित्राला घरी बोलावून ऐकवावे, त्याला कोणाची हरकत नसते.

मुलाला सतार शिकायची आहे. हा संच शिकण्यासाठी उपयोगी पडेल का?

पहिली दोन वर्षे नाही. त्या काळात बोटांना घट्टे पडणे, नखीचे दा आणि रा सारख्या वजनाने येणे आणि बैठक सुधारणे एवढेच महत्त्वाचे असते. ते गुरूसमोर बसूनच होते. पुढे मींड हाती येऊ लागली की पहिल्या सीडीतला एखादा लहान आलाप घेऊन तो तुकड्या-तुकड्याने वाजवून पाहायला हरकत नाही. तेव्हाही कोणत्या बाजाची तालीम चालू आहे ते गुरूंना विचारून घ्यावे, कारण मुलाचे वाद्य गंधार-पंचमाच्या तारांचे असेल तर खरजातला आलाप त्यावर मुळातच वाजणार नाही.